नियम समोर बसून रेघ ओढतो तेव्हा : घरगुती पेन प्लॉटर, वर्षभराच्या वापरानंतर

मागच्या वर्षी नवरात्राच्या आधीच्या रविवारी माझा एक जुना विद्यार्थी पुठ्ठ्याचं भलंमोठं खोकं घेऊन इचलकरंजीला घरी आला. "बाई, तुम्ही म्हणाला होता तसं करून आणलंय," म्हणाला. खोक्यात पेन प्लॉटर होता. मी हायस्कूलमध्ये कलाशिक्षिका आहे. नववीच्या मुलांना अल्गोरिदम, म्हणजे पायरीपायरीने लिहिलेला नियम, हा शब्द चित्रातून समजावायचा म्हणून मी त्याच्यामागे लागले होते. आता यंत्र घरात येऊन वर्ष झालं. शाळेसाठी किंवा घरासाठी असं काही घ्यावं का, असं बऱ्याच शिक्षक मैत्रिणी विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. पेन प्लॉटर हातात खराखुरा पेन धरतो. आडव्या-उभ्या दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, त्यांवर दातेरी पट्ट्याने सरकणारी पेनाची पकड, ठरावीक टप्प्यांनी फिरणाऱ्या दोन स्टेपर मोटर आणि पेन वरखाली करायला एक छोटी सर्व्हो मोटर, एवढाच संसार. आपल्या प्रिंटरला चित्रात काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं, तो वरच्या कडेपासून खालपर्यंत ठिपके भरत जातो. प्लॉटर मात्र रेघ जिथे सुरू होते तिथे पेन टेकवतो, ओढत नेतो आणि संपली की उचलतो. म्हणजे चित्र कसं झालं हे शेवटपर्यंत डोळ्यांसमोर घडतं. माझ्या दृष्टीने या यंत्राची सगळी किंमत या एका गोष्टीत आहे.

माझा प्लॉटर ए-३ कागदाचा आहे. सुटे भाग मागवून, पकडीचे तुकडे थ्री-डी प्रिंटरवर काढून जोडलेला. सगळा मिळून २६,००० रुपये खर्च आला. तयार मिळणारे परदेशी प्लॉटर याहून बरेच महाग पडतात. चित्र इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काढायचं किंवा पायथन या प्रोग्रामिंग भाषेत चार ओळी लिहून तयार करायचं आणि यंत्राकडे पाठवायचं. मला पायथन येत नव्हतं. दोन महिने रोज रात्री तासभर बसून कामापुरतं शिकले. ज्यांना 'बटण दाबलं की झालं' असं हवं आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

पेनांबद्दल लिहायलाच हवं, कारण पहिला महिना त्यातच गेला. साधा बॉलपेन उभा धरला की रेघ मधेच सोडतो, त्याला आपल्या हाताचा कललेला दाब लागतो. जेल पेन सुंदर चालतो, पण यंत्र थांबलं आणि टोपण लावायला विसरलं की निब वाळते. बारीक फायबर टिप सगळ्यांत विश्वासू. शाईचा पेन ०.५ निबेचा घेतला तर ठीक, मात्र कागद गुळगुळीत हवा. खरखरीत कागदावर निब अडते आणि शिंतोडा उडतो. मी हट्टाने बोरूही लावून पाहिला. पकडीत तो ४५ अंशांत बसवायला लाकडाची चकती करून घेतली. बोरूची जाड-बारीक रेघ यंत्राने ओढलेली पाहताना अंगावर काटा आला, पण बोरूला दर वीतभर रेघेनंतर शाई हवी. म्हणून कागदाच्या कोपऱ्यात बाटलीचं झाकण चिकटवून 'इतकी रेघ झाली की झाकणापाशी जा, बुडव, परत ये' असा नियमच लिहिला. मुलांना तो भाग सर्वांत आवडतो. यंत्र शाई घ्यायला निघालं की वर्गात "निघाला, निघाला!" असा गलका होतो.

मराठी अक्षरांच्या बाबतीत मात्र निराशा झाली. आपले नेहमीचे फॉन्ट अक्षराच्या कडा सांगतात, त्यामुळे 'अ' लिहायला सांगितला की प्लॉटर त्याची पोकळ बाह्यरेषा काढतो. प्लॉटरला एकेरी रेघेचे फॉन्ट लागतात. ॲलन हर्शी यांनी १९६७ मध्ये असे एकेरी रेघेचे फॉन्ट तयार केले आणि ते आजही सगळीकडे वापरतात. त्यांत रोमन आहे, ग्रीक आहे, रशियन लिपी आहे, जपानीही आहे. देवनागरी नाही. शेवटी मी स्वतःच्या अक्षरावर एकेक वर्ण गिरवून बाराखडी करून घेतली. तिच्यात आधी अक्षर आणि मग शिरोरेघ असा क्रम ठेवला, आपण पहिलीत शिकतो तसा. विद्यार्थ्याने सांगितलं होतं की सगळ्या शिरोरेघा एकदम मारल्या तर वेळ वाचेल. मी ऐकलं नाही.

क्रमाचा विषय निघाला म्हणून इथे जरा थांबते, कारण या यंत्राने मला सर्वांत जास्त शिकवलं ते इथे.

तेच चित्र यंत्राकडे दोन प्रकारे पाठवता येतं. एक, रेघा जशा साठवल्या आहेत त्या क्रमाने. मग पेन या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात उड्या मारतो. दुसरा, 'सध्या जिथे आहेस तिथून सर्वांत जवळची रेघ आधी घे' असा नियम लावून. मग पेन शांतपणे शेजारी शेजारी सरकत जातो. तयार चित्र दोन्ही वेळा एकच. पण बघणाऱ्यांचं म्हणणं पूर्ण बदलतं. पहिल्या प्रकारात लोक म्हणतात, "गोंधळलंय बिचारं." दुसऱ्यात म्हणतात, "हुशार आहे हो." एक रेघ संपवून लांबची दुसरी घ्यायच्या आधी यंत्र क्षणभर थांबतं, तेव्हा हमखास कुणीतरी हळू आवाजात सांगतं, "आता विचार करतंय." त्या क्षणी फक्त लॅपटॉपकडून पुढची सूचना यायची असते. हे मी सांगते, लोक मान हलवतात आणि पुढच्या थांब्याला पुन्हा तेच म्हणतात. मी स्वतःही म्हणते. रेघ पुढे सरकताना दिसली की तिच्यामागे कुणीतरी आहे असं मन धरूनच चालतं, मग त्याला कितीही समजावा.

वर्गातला प्रयोग यंत्र शाळेत नेण्याच्या आधीपासून सुरू झाला. नववीच्या मुलांना मी एक तास दिला आणि सांगितलं, "अल्गोरिदम काढा. जसा वाटतो तसा." शब्द सगळ्यांनी ऐकलेला होता, रिल्स पाहणाऱ्या मुलांना तो सांगावा लागत नाही. निम्म्याहून जास्त कागदांवर डोळा आला. मोबाईलमधून बाहेर पाहणारा डोळा, भिंतीच्या फटीतला डोळा, एकाच चेहऱ्यावर बारा डोळे. काहींनी कोळी आणि जाळं काढलं. एका मुलाने वही घेऊन बसलेला सावकार काढला. त्याचे वडील एका ॲपसाठी घरोघर जेवण पोचवतात. कोणाला कुठली ऑर्डर द्यायची हे 'तो' ठरवतो आणि एकदा नाही म्हटलं की 'तो' लक्षात ठेवतो, असं घरात बोलणं होतं, हे त्याने कागदाच्या मागे लिहिलं होतं. एकीने चाळण काढली, पीठ खाली पडतंय आणि वर माणसं उरली आहेत. त्या चाळणीपुढे मी बराच वेळ बसून राहिले.

मग यंत्र नेलं. पहिलं चित्र म्हणून गेऑर्ग नेस या जर्मन गणितज्ञाच्या १९६८ सालच्या 'शोटर' नावाच्या चित्राचा नियम लिहिला. शोटर म्हणजे खडी. एका ओळीत १२ चौकोन, अशा २२ ओळी. वरची ओळ अगदी सरळ, आणि खाली येऊ तसा प्रत्येक चौकोन थोडा जास्त फिरतो, थोडा जास्त सरकतो. किती फिरायचं ते यादृच्छिक आकडा ठरवतो, आकड्याची मर्यादा ओळीगणिक वाढते. एवढाच नियम. पोरं तोंड उघडं टाकून पाहत होती. "वर प्रार्थना चाललीय, खाली शाळा सुटलीय," असं एक जण म्हणाला. याहून चांगलं रसग्रहण मला सुचणार नाही.

पण त्याच वर्गात एका मुलीने यंत्राचं बिंग फोडलं. आम्ही चित्र दोनदा काढलं होतं. तिने दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. २६४ चौकोन, सगळे तंतोतंत जुळत होते. "मॅडम, मग हा पसारा खरा नाही. ह्यानं पाठ केलाय." बरोबरच होतं तिचं. संगणकाचा यादृच्छिक आकडा एका सुरुवातीच्या आकड्यातून हिशेबाने निघतो. तो सुरुवातीचा आकडा मी बदलला नव्हता, म्हणून दुसऱ्यांदाही तोच गोंधळ. नशीबसुद्धा ठरवून देता येतं हे पाहून वर्ग एकदम गप्प झाला. मला वाटतं, अल्गोरिदम या शब्दाची भीती आणि गंमत दोन्ही त्यांना त्या खिडकीपाशी कळली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच विषय दिला. यावेळी कागदांवर पावलं आली, जिने आले, चित्रकलेच्या परीक्षेतल्या कर्तव्य भूमितीत आपण लिहितो तशा रचनेच्या पायऱ्या आल्या. एकाने आईची भाकरी काढली, पाच चौकटींत, पिठाच्या गोळ्यापासून फुगण्यापर्यंत. मला फार आनंद झाला, आणि मी तो बोलून दाखवला. तेव्हा खिडकीवाल्या मुलीने आपला कागद पुढे केला. त्यावर पुन्हा डोळाच होता, आधीपेक्षा मोठा. ती म्हणाली, "मॅडम, हा अल्गोरिदम तुम्ही लिहिलाय. तुम्ही इथं उभ्या आहात. मोबाईलमधला कोणी लिहिला आणि कशासाठी, ते मला दिसत नाही. मी डोळाच काढणार." मी तिला दहापैकी दहा दिले. यंत्र विकत घेताना माझी समजूत अशी होती की नियम एकदा डोळ्यांनी पाहिला की भीती जाईल. माझ्या लिहिलेल्या नियमाची भीती गेली, हे खरं. तिचा डोळा मात्र जागच्या जागी राहिला आणि तो तिथे राहायलाच हवा, असं आता मलाही वाटतं.

दिवाळीच्या सुट्टीत घराच्या सोप्यात चार दिवस यंत्र लावून ठेवलं आणि गल्लीला बोलावलं. भिंतीवर एक लांब कागद चिकटवला, ज्याला जे वाटतं ते लिहा म्हणून. ही कल्पना माझी नाही. मानफ्रेड मोर या चित्रकाराने १९७१ मध्ये पॅरिसच्या आधुनिक कला संग्रहालयात संगणकाने काढलेली चित्रं मांडली, तेव्हा त्यानेही लोकांना लिहायला असाच कागद लावला होता. त्यावर रागाने लिहिणारे पुष्कळ निघाले. माझ्या कागदावर राग फारसा आला नाही, पण प्रश्न आले. 'याला कंटाळा येतो का?' 'चुकलं तर कोणाचं नाव?' 'आमच्या मुलीच्या पत्रिकेवर नक्षी काढून देईल का?' समोरच्या वहिनींनी लिहिलं होतं, 'मोबाईलवाला माझ्या मागं लागतो. हा पुढ्यात बसतो. हा बरा.' तो कागद मी गुंडाळी करून जपून ठेवला आहे.

तिसऱ्या दिवशी तात्या आले. आमच्या शेजारचे, चाळीस वर्षं साडीच्या काठांचे माग चालवलेले. गावात मागाचा खडखडाट ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो, तरी नक्षी विणणारा जकार्ड माग म्हणजे काय हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. तात्यांनी दोन मिनिटं यंत्र पाहिलं आणि विचारलं, "कारडं कुठायत?" मी म्हटलं, "तात्या, याला कार्डं नसतात, लॅपटॉपमधून जातं." ते म्हणाले, "म्हंजे आत हाईत. भोक असलं तर सुई जाणार, नसलं तर न्हाई. आमचंच काम हाय की हे, बाई." मग त्यांनी मला शिकवलं. पुठ्ठ्याच्या प्रत्येक पत्त्यावर एका आडव्या धाग्याची आज्ञा, पत्त्यांची माळ फिरत राहते, काठावर मोर उमटत राहतो. जकार्डचा माग फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास आला. पुढे तिथल्या ल्यों शहरातल्या विणकरांनी हा माग बनवणाऱ्या खुद्द जकार्डचं रेशमी चित्र विणलं, त्याला सुमारे २४,००० पत्ते लागले होते. हिशेबाच्या यंत्राचं स्वप्न पाहणाऱ्या चार्ल्स बॅबेजने ते चित्र आपल्या घरी लावलं होतं. हे मी तात्यांना सांगितलं. त्यांना बॅबेजचं काही वाटलं नाही, पण २४,००० पत्ते ऐकून ते बराच वेळ "कुणी पाडली असतील भोकं?" एवढंच म्हणत राहिले. आमच्या गल्लीत अल्गोरिदम या विषयावर इतका नेमका प्रश्न दुसऱ्या कुणी विचारलेला नाही.

आता आईबद्दल. हे लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं.

आई ८३ वर्षांची आहे, माझ्याकडेच असते. तिची ठिपक्यांची रांगोळी कुरुंदवाडात प्रसिद्ध होती. गेरूने सारवलेल्या अंगणात '१५ ते ८' म्हणजे मधल्या ओळीत १५ ठिपके, वर-खाली एकेक कमी होत ८ पर्यंत, एकूण १६९. त्यासाठी तिच्याकडे उदबत्तीने भोकं पाडलेला खाकी कागद असायचा. कागद अंथरायचा, वरून रांगोळी फिरवायची, उचलला की ठिपके तयार. तात्यांनी कार्डांचं सांगितलं त्या रात्री मला तो कागद आठवला आणि मी झोपू शकले नाही. आमच्या घरात भोकाभोकाचा नियम माळ्यावर गुंडाळून ठेवलेला होता आणि मी २६,००० रुपये देऊन तो शिकत होते. विद्वानांना हे फार आधी दिसलं होतं. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी तिकडच्या कोलमवरून, म्हणजे तमिळ रांगोळीवरून, चित्रांचं व्याकरण मांडलं आणि १९७४ मध्ये ते संगणकशास्त्राच्या नियतकालिकात छापून आलं.

गेली चार वर्षं आईचा हात थरथरतो. रांगोळी तिने सोडली आहे. मी वेरा मोल्नार यांच्याबद्दल वाचलं होतं. बुडापेस्टमध्ये जन्मून पॅरिसमध्ये आयुष्य घालवलेल्या या बाईंनी १९५९ पासून 'कल्पनेतलं यंत्र' मनात धरून नियमाने चित्रं काढली, १९६८ मध्ये खरा संगणक हाती घेतला आणि डिसेंबर २०२३ मध्ये, शंभरीला महिना उरला असताना त्या गेल्या. त्यांची आई त्यांना पत्रं पाठवायची. वयाबरोबर तिचं अक्षर बिघडत, थरथरत गेलं. मोल्नारबाईंनी तो बदल संगणकाने पुन्हा उभा केला, 'आईची पत्रं' नावाची मालिकाच केली. मला ती मालिका फार जवळची वाटली. मग मी आईची '१५ ते ८' रांगोळी लिहून काढली आणि प्रत्येक रेघेत थोडा थरथराट घातला. चित्र सुरेख झालं. गल्लीतल्या सगळ्यांनी तेच सर्वांत जास्त नावाजलं. "यंत्रानं काढलंय असं वाटतच नाही, किती माणसाचं वाटतं," म्हणाले.

आईने चष्मा पुसून पाहिलं आणि विचारलं, "हे काय, माझा हात काढलास?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "थरथर मला काढायची नसते गं. ती येते. मी सरळच काढत असते." आणि आत गेली.

मी ते चित्र उतरवलं. रात्री तिच्या जुन्या हिशेबाच्या वहीतली अलीकडची पानं नीट पाहिली. तिची थरथर कुठेही सारखी नव्हती. रेघ सुरू करताना हात जास्त हलतो, वळणावर शांत होतो, शेवटी पुन्हा हलतो. आणि मधे मधे एखादी रेघ तिने अशी काही ओढली आहे की पस्तिशीतली वाटावी. माझ्या नियमाने सगळीकडे सारखं हलवलं होतं. त्याला थरथर म्हणणंसुद्धा चूक होतं. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीत मायकेल नॉल यांनी १९६० च्या दशकात एक प्रयोग केला होता, तो मला तेव्हा खरा कळला. मोंद्रियान या डच चित्रकाराच्या १९१७ च्या रेघांच्या चित्राशेजारी त्यांनी संगणकाने केलेलं तसंच चित्र ठेवलं आणि १०० जणांना विचारलं. संगणकाचं कोणतं हे फक्त २८ जणांना ओळखता आलं आणि ५९ जणांना संगणकाचंच जास्त आवडलं. संगणकाचं चित्र अधिक विस्कळीत होतं, आणि विस्कळीत म्हणजे माणसाचं असं लोकांनी धरलं होतं. आमच्या गल्लीनेही तेच धरलं. मीही. आयुष्यभर एक रेघ सरळ यावी म्हणून झटलेली बाई शेजारच्या खोलीत बसली होती, तरी.

दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, "तू रेघ वळवतेस कशी? कुठे वळायचं हे कसं ठरवतेस?" तिने बराच विचार केला. "हात जातो तसा जातो," म्हणाली. नेस यांचं पहिलं प्रदर्शन फेब्रुवारी १९६५ मध्ये श्टुटगार्टला झालं, तेव्हाची हकिगत सांगतात. जमलेल्या चित्रकारांपैकी एकाने विचारलं, तुमचं यंत्र माझ्यासारखा हात मारेल का? नेस म्हणाले, तुम्ही ते कसं करता हे मला सांगू शकलात, तर नक्की. चित्रकार चिडले आणि शेवटी माक्स बेन्झे या प्राध्यापकांनी 'ही कृत्रिम कला आहे' असं म्हणून त्यांची समजूत काढली. मी वर्षानुवर्षं ही गोष्ट नेस यांच्या बाजूने वाचत आले होते. आईने उत्तर दिलं त्या दिवसापासून चित्रकारांचा रागही समजतो.

आता खरेदीच्या गोष्टी. आवाज मिक्सरपेक्षा कमी, पण सतत चालणारा. रात्री दार लावून घ्यावं लागतं. 'शोटर'सारख्या चित्राला पाऊण तास, '१५ ते ८' च्या नुसत्या ठिपक्यांना चार मिनिटं. लाईट गेली की यंत्र जागा विसरतं आणि चित्र वाया जातं, त्यामुळे इन्व्हर्टर हवाच. दातेरी पट्टा सहा महिन्यांत सैल झाला, वर्तुळं अंड्यासारखी यायला लागली. घट्ट केल्यावर ठीक झाली. पेनाच्या पकडीचा प्लास्टिकचा तुकडा दोनदा तुटला, दोन्ही वेळा जोडणाऱ्या मुलाने नवा पाठवला. लग्नपत्रिका, भेटकार्डं असा धंदा करायचा विचार असेल तर घेऊ नका, एका कार्डाला दहा मिनिटं धरली तर हिशेब जुळत नाही. फोटोसारखी चित्रं हवी असतील तरी नको. पण वर्गात नियम म्हणजे काय हे दाखवायचं असेल, किंवा मुलांना बसवून 'आता पेन कुठे जाईल सांग' असं विचारायचं असेल, तर दोन-तीन शाळांनी मिळून एक जरूर घ्यावा. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला बसणाऱ्या मुलांची संकल्पचित्रं या वर्षी वेगळी झाली आहेत. त्यांत पुनरावृत्ती आधीही असायची, पण आता मुलं कागदाच्या कोपऱ्यात आधी नियम लिहितात आणि मग तो कुठे मोडायचा हेही लिहितात.

खिडकीवाल्या मुलीचा डोळा तिच्या परवानगीने मी प्लॉटरवर काढला. एका सलग रेघेत, पेन एकदाही न उचलता, बुबुळापासून बाहेरच्या कडेपर्यंत. नियम तिने स्वतः लिहिला आणि कागदाखाली आपलं नाव घातलं. तो वर्गात फळ्याच्या वर लावला आहे.

आणि गेल्या महिन्यात आईने आपणहून विचारलं, "तुझं यंत्र कागदावर नुसते ठिपके काढेल ना?" मी म्हटलं, काढेल की. "मग मला नवा कागद कर. जुना माळ्यावर फाटलाय. एक बोट अंतर ठेव." दोन सेंटिमीटरवर १६९ ठिपके खाकी कागदावर उतरायला चार मिनिटं लागली. आई खुर्ची ओढून समोर बसली आणि प्रत्येक ओळीला मोठ्याने मोजत राहिली, आठ, नऊ, दहा, मधली पंधरा, पुन्हा चौदा. यंत्राने ओळ चुकवली नाही हे तिला बरं वाटलं. मग तिने उदबत्ती पेटवली, उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं आणि पहिलं भोक पाडलं.